निगेटिव्ह स्कॅनर घेताना आधी झाकण उघडून बघा – माझा अनुभव

बाबांच्या कपाटात निगेटिव्हचे 38 रोल निघाले. सगळे पट्ट्या कापून बटर पेपरच्या पाकिटात घातलेले, वर बाबांच्या अक्षरात तारीख आणि जागा. अल्बममधले फोटो पिवळे पडलेत, काही पावसाळ्यात एकमेकांना चिकटलेत, पण निगेटिव्ह खिडकीसमोर धरली तर आईच्या साडीचे काठसुद्धा दिसतात. आईची पंचाहत्तरी तीन महिन्यांवर होती, तोपर्यंत निवडक फोटो मोठे करून द्यायचे असं भावाचं आणि माझं ठरलं. त्या तीन महिन्यांतला दीड महिना एका दुकानाने खाल्ला, राग अजून गेलेला नाही म्हणून लिहितेय.

दुकान नाशिकमधलंच. मी पहिल्याच वाक्यात सांगितलं की मला कागद स्कॅन करायचे नाहीत, रंगीत निगेटिव्ह करायच्यात, सोबत नेलेली पट्टीही काउंटरवर ठेवली. दुकानदार म्हणाला, "4800 डीपीआय आहे मॅडम, निगेटिव्ह आरामात होईल." (डीपीआय म्हणजे एका इंचात किती ठिपके वाचतो ते.) स्कॅनर पाच हजारांच्या आसपास पडला. घरी येऊन पट्टी काचेवर ठेवली, झाकण लावलं, स्कॅन केलं, तर स्क्रीनवर नुसती गडद तपकिरी पट्टी. रंग उलटे करून बघितले तर निळसर धुकं आणि त्यात कुणाचं तरी डोकं, तेही दोनदा छापल्यासारखं.

दुसऱ्या दिवशी परत गेले. म्हणे ड्रायव्हर अपडेट करा. केला, तेच. पुन्हा गेले, तर सेटिंग चुकतंय, आमचा माणूस पाठवतो. माणूस नऊ दिवसांनी आला, त्याने माझ्यासमोर आधार कार्ड स्कॅन केलं आणि म्हणाला मशीन ओके आहे. मी म्हटलं अहो निगेटिव्ह करून दाखवा, तर तो पट्टी हातात धरून विचारतो हे काय असतं. त्यानंतर फोन केला की शेठ बाहेर गेलेत, उद्या करा, असं पंधरा-वीस दिवस चाललं आणि शेवटी उत्तर आलं की बॉक्स उघडलाय, आता परत होणार नाही. मी काय करणार आहे ते पट्टी दाखवून सांगितलं होतं, तरी ज्याला माहीत नव्हतं त्याने "माहीत नाही" एवढं म्हणायला काय हरकत होती?

खरं कारण पंचवटीतल्या एका जुन्या स्टुडिओवाल्या काकांनी दोन मिनिटांत सांगितलं. "अगं बाई, झाकणात लाईट आहे का त्याच्या?" साधा स्कॅनर खालून उजेड टाकतो आणि कागदावरून परत आलेला उजेड वाचतो. निगेटिव्हमधून तो उजेड आरपार जातो, वरच्या पांढऱ्या झाकणावर आपटून पुन्हा फिल्ममधूनच खाली येतो, म्हणून चित्र काळपट आणि दुहेरी. निगेटिव्हला उजेड एका बाजूने आणि सेन्सर दुसऱ्या बाजूला लागतो. मग डीपीआय कितीही असो. मी पट्टीवर मोबाईलचा टॉर्च धरूनही बघितला होता, नुसते पट्टे आले. निगेटिव्हचा तो केशरी रंगही फिल्म खराब झाल्याचा नाही, फिल्मच्या रंगद्रव्यांतला दोष भरून काढायला कंपनीनेच दिलेला असतो, हेही काकांनीच सांगितलं.

मग नीट शोधलं. झाकणात लाईट असलेला फ्लॅटबेड (काचेवर ठेवून करायचा), म्हणजे एप्सनचा व्ही600, एका वेळी 35 एमएमच्या, म्हणजे नेहमीच्या कॅमेरा रोलच्या, बारा फ्रेम घेतो आणि मोठ्या 120 रोलच्या निगेटिव्हही करतो. तुमच्याकडे तसल्या असतील तर तोच बघा. आमचं सगळं 35 एमएम, म्हणून मी फक्त फिल्मसाठीचा स्कॅनर, प्लसटेक 8200आय, घेतला. फ्रेम एकेक हाताने सरकवावी लागते, पण त्यात इन्फ्रारेड (डोळ्यांना न दिसणारा उजेड) आहे, त्यांच्याच 8100 मध्ये नाही. रंगीत फिल्ममधून इन्फ्रारेड सरळ जातो आणि धूळ-ओरखड्यांवर अडतो, त्यामुळे ते ओळखून पुसता येतात. बाबांच्या पट्ट्यांवर ओरखडे इतके की मला याशिवाय जमलंच नसतं. आईबाबांच्या लग्नाच्या ब्लॅक अँड व्हाईट निगेटिव्हला मात्र तो बंद ठेवा, त्यातली चांदी इन्फ्रारेड अडवते आणि चेहऱ्यांचा विचका होतो.

बॉक्सवर 7200 डीपीआय आहे, मी 3600 वर करते. साधारण 5100 बाय 3400 पिक्सेल मिळतात, भिंतीवर लावण्याएवढी प्रिंट निघते. 7200 ला फाईल चौपट झाली आणि जास्तीचं काही दिसलं नाही.

हो, पट्टी सुलटी कशी लावायची ते राहिलं. कडेचे 22, 22ए हे आकडे सरळ वाचता आले की चकचकीत बाजू तुमच्याकडे आहे, म्हणजे पट्टी सुलटी. वळलेल्या पट्ट्या मी पाकिटासकट जाड पुस्तकांखाली आठवडाभर ठेवल्या. पुसायला ओलं फडकं अजिबात नको, ब्लोअरने हवा मारायची, हातात सुती मोजे. आणि स्कॅनरसोबतच्या सिल्व्हरफास्ट या सॉफ्टवेअरमध्ये रोल कोणता ते निवडायचं, माझा कोनिकाचा रोल कोडॅकच्या सेटिंगवर हिरवट येत होता.

पंचाहत्तरीला बारा फोटो झाले. त्यातला एक 2003 च्या सिंहस्थातला, गंगेवरचा, म्हणजे आमच्या गोदावरीवरचा. अल्बममधल्या प्रिंटमध्ये डाव्या कडेला फक्त एक कोपर दिसायचं, लॅबवाल्याने कड कापलेली. स्कॅनमध्ये पूर्ण फ्रेम आली तर ती आत्या निघाली, तांब्यात पाणी भरताना वाकलेली, मागे दुतोंड्या मारुती. आईने तो फोटो घेऊन त्याच संध्याकाळी आत्याला फोन लावला. आता चौदावा रोल चालू आहे, रात्री जेवणं झाली की दोन पट्ट्या करते.