पंढरपूरमार्गे हरेगाव

छत्रपती संभाजीनगरहून निघालं की वाळूजच्या अलीकडे पंढरपूर लागतं. छोटं पंढरपूर. आषाढीला इथे गर्दी लोटते. श्रीरामपूरजवळच्या हरेगावच्या मतमाउलीची, म्हणजे मरियामातेची, आमची पदयात्राही त्याच नगर रोडने जाते, आणि तिथल्या एमआयडीसीत आमचं वर्कशॉप होतं. तो टप्पा खाली मान घालून काढायचा असं मी घरूनच ठरवून निघालो होतो. पण टेम्पोवरच्या स्पीकरने नेमकी तिथेच मान टाकली आणि सगळे थांबले.

त्याच फाट्यावर आम्ही दर सप्टेंबरला यात्रेकरूंना चहा-बिस्किटं वाटायचो. मागे फ्लेक्स असायचा. वर्कशॉपचं नाव मोठ्या अक्षरांत, त्याखाली माझा फोटो, आणि कोपऱ्यात मतमाउली. आता त्या जागी दुसऱ्याच कुणाचा तरी मंडप होता. एका पोराने माझ्या हातात कागदी कप दिला. "घ्या काका, साखर जास्त आहे, चालायला लागते." घेतला. गोडमिट्ट होता.

दुचाकीचे सुटे भाग आम्ही जॉबवर्कवर करायचो. 2019 मध्ये गाड्यांचा खप पडला, ऑर्डरी निम्म्यावर आल्या. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-सिक्स, म्हणजे गाड्यांच्या धुराचे नवे निकष, लागू होणार म्हणून नवी मशीनं कर्जावर घेतलेली, आणि जुन्या मॉडेलचा माल रॅकवर पडून. मार्चअखेर लॉकडाऊन लागलं. बिलं अडकली, हप्ते थकले, बँकेने खातं एनपीए, म्हणजे थकीत, ठरवलं, शटरवर नोटीस लागली. एप्रिल 2021 मध्ये धाकटा भाऊ गेला. वर्कशॉपची सीएनसी मशीनं तोच बघायचा. दवाखान्यात आत कुणालाच सोडत नव्हते. दफनविधीला आम्ही मोजकेच, फादर पीपीई किटमध्ये. त्यांनी बायबलमधल्या ईयोबाचं वचन वाचलं, परमेश्वराने दिले, परमेश्वराने नेले. मला तेव्हा फक्त संताप आला. वर्कशॉप न्यायला परमेश्वर आला नव्हता, बँकेची माणसं आली होती.

त्यानंतर मी चर्चला जाणं सोडलं. तसंही नाताळ आणि ईस्टरपुरताच जायचो, त्यामुळे कुणाला फारसा फरक पडला नाही. पदयात्रेला भावजयीने ओढलं. "दादा, मी एकटी कशी जाऊ," एवढंच म्हणाली. एकटी कसली, दीड-दोनशे माणसं होती. पण मी निघालो.

चालणं कंटाळवाणं असतं हे कुणी सांगत नाही. भाद्रपदाचं ऊन, अंगावर येणारे कंटेनर, पुढे शिट्टी फुंकणारा आमचा स्वयंघोषित कॅप्टन, आणि दुरुस्त झालेला स्पीकर. पोरं मतमाउलीच्या गाण्यांवर नाचत होती, समोरून गणपतीचा डीजे आला की चढाओढ. मी दोघांवरही सारखाच वैतागलो. कायगाव टोक्याच्या पुलावर गोदावरीला हात जोडले. नेवाशात ज्ञानोबांच्या पैसाच्या खांबापर्यंत काही जण जाऊन आले, मी चप्पल काढून सावलीत पडून राहिलो.

कारण टाचेला फोड. टाकळीभानच्या अलीकडे तो फुटायच्या बेताला आला आणि मी मागे पडलो. भावजय थांबली, तिला मी रागावून पुढे पाठवलं. कपाशीच्या बांधावर बसलो होतो, तर शेजारच्या वस्तीवरून एक म्हातारे आले. गळ्यात तुळशीची माळ, हातात चरवी. पाणी दिलं. माझा पाय बघितला, आत गेले आणि सुई-दोरा, हळद, खोबरेल घेऊन आले. समोर बसून त्यांनी सरळ माझा पाय मांडीवर ओढला. मी झटक्यात मागे घेतला.

"अहो बाबा, पाय नका धरू माझे."

"पाय कोन धरतंय? फोड धरतोय. पंढरीची वाट चालतोय मी पोरसवदा होतो तवापासनं. आणा इकडं."

त्यांच्या मांडीवर माझा मळका, घामट पाय. धोतर पांढरंशुभ्र. सुई उदबत्तीवर तापवून त्यांनी फोडातून आरपार ओवली आणि दोरा तसाच आत ठेवून दोन्हीकडे टोकं सोडली. "दोरा काढायचा न्हाई. पानी त्याच्यावाटं निघतं. कातडं सोलायचं न्हाई, खालचं मास उघडं पडतं." प्रभू येशूने शिष्यांचे पाय धुतले तेव्हा 'माझे नको' म्हणून त्यांच्यातला पेत्र का ओरडला असेल, ते मला त्या बांधावर कळलं. पाय धुणं सोपं. धुऊन घेणाऱ्याला कुठे बघावं ते समजत नाही.

"काय करता?" त्यांनी विचारलं.

हा प्रश्न मी फार टाळायचो. टाळायचं झालं की 'बिझनेस' म्हणायचो. त्या दिवशी सरळ म्हणालो, "वर्कशॉप होतं, बुडालं. दुसऱ्याच्या शेडवर सुपरवायझर आहे."

"मंग रातच्याला झोप लागत आसंल."

लागते, खरंच. याआधी हे कुणी विचारलंच नव्हतं.

निघताना मी शंभराची नोट काढली. त्यांनी ती बघितलीही नाही. बंडीच्या खिशातून दहाची नोट काढून उलट माझ्याच हातात ठेवली. "आमची म्हातारी जायची मतमाउलीला, गुडघ्याच्या नवसानं. तिच्या नावानं मेणबत्ती लावा." कधीकाळी तिनेही आमच्या फाट्यावर चहा घेतला असेल काय? विचारलं नाही.

रात्री शाळेच्या व्हरांड्यात रोझरी, मरियेची जपमाळ. भावजय सांगत होती, बाकीचे उत्तर देत होते. मी भिंतीला टेकून ओठ हलवत होतो, अर्धं लक्ष ठणकणाऱ्या टाचेकडे. "आता आणि आमच्या मरणाच्या वेळी" हे शब्द लहानपणापासून तोंडात आहेत. त्या रात्री घशातून पुढे जाईनात. भाऊ गेला तेव्हा मी दवाखान्याच्या गेटबाहेर स्कूटरवर बसलो होतो. त्याच्याजवळ कुणी नव्हतं असं मी धरून चाललो होतो. आणि इथे ही सगळी माणसं पन्नास-पन्नास वेळा नेमकं त्याच घटकेसाठी मरियेला विनवत होती, तो जायच्या कितीतरी आधीपासून. पुढच्या मण्याचा 'प्रणाम मरिया' मी मोठ्याने म्हटला. भावजयीने वळून पाहिलं आणि मणी पुढे सरकवला.

हरेगाव एकेकाळी साखर कारखान्याचं गाव. कारखाना बंद पडला. 1949 पासूनची यात्रा मात्र वाढत गेली. चिखल, पाळणे, रांगा, हरवलेल्या पोरांच्या घोषणा. पापनिवेदनाच्या रांगेत दोन तास उभा राहिलो. माझा नंबर आला तेव्हा फादर घाम पुसत होते. "किती वर्षांनी?" त्यांनी विचारलं. नक्की सांगता आलं नाही. "बरं, सुरू करा," म्हणाले.

दहाची मेणबत्ती कुठेच नव्हती, सगळ्या वीसच्या. वरचे दहा मी घातले, तर भावजय म्हणाली, "म्हातारीच्या मेणबत्तीत तुमची भागीदारी कशाला? तुमची वेगळी लावा." मग दुकानदाराशी घासाघीस तिनेच केली, दोन पंचवीसला.

मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, कुणासाठी अर्पण करायची ती नावं लिहून घेणाऱ्या टेबलावर मी भावाचं नाव सांगितलं. लिहिणाऱ्या पोराने वेलांटी चुकवली. भावजयीने त्याच्या हातातून पेन घेऊन ती दुरुस्त केली आणि पावती माझ्या खिशात कोंबली.