टोचनगाडीची बॉडी निवडताना: आधी जागा, मग वजन

नऱ्हे, वाघोली, चाकण या भागांतील ओळखीचे गॅरेजवाले टोचनाच्या आणि रस्त्यावरील मदतीच्या कामासाठी नवी चासी, म्हणजे मागची बॉडी नसलेली गाडी, घेण्याचे ठरवतात, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न बहुधा "किती टनांची बॉडी बांधू?" असा असतो. व्यावसायिक वाहनांच्या देखभालीत बराच काळ काढल्यानंतर माझे मत असे झाले आहे की हा प्रश्न नंतर विचारायचा आहे. गाडी रोज कोठे उभी राहून काम करणार, तिच्या कोणत्या बाजूने वाहतूक धावणार आणि त्या वेळी आपला माणूस कोठे उभा असणार, हे आधी ठरवावे. टनांचा आकडा त्यातून पुष्कळसा आपोआप निश्चित होतो.

पुण्यात या जागा एकमेकींपासून फार वेगळ्या आहेत. सदाशिव किंवा शुक्रवार पेठेच्या गल्लीत लांब बेडची, म्हणजे मोटार वर ठेवून नेण्याच्या सपाट फलाटाची, गाडी वळतच नाही. बाणेर किंवा खराडीतील सोसायटीच्या तळघरात बॅटरी उतरलेली मोटार उभी असते, पण प्रवेशाची उंची सहसा अडीच मीटरच्या आतच असल्याने ट्रक रॅम्पच्या तोंडाशीच थांबतो. याउलट कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उतारावर किंवा द्रुतगती मार्गाच्या खंडाळा घाटात जागा भरपूर असते, पण तेथे थांबलेला प्रत्येक मिनिट धोक्याचा असतो. एकच बॉडी या सर्व ठिकाणी सारखीच उपयोगी पडेल, असे सांगणाऱ्या विक्रेत्यावर विश्वास ठेवू नये.

आकडा लावून गाडी उचलणारी क्रेन ही सर्वांत जुनी रचना आहे. १९१६ मध्ये अमेरिकेतील चॅटनूगा येथे अर्नेस्ट होम्स यांनी मोटारीवर असा उचलण्याचा सांगाडा बसवला, तेव्हा मोटारींच्या पुढच्या-मागच्या भागांना साखळदंडाचा ताण सोसत असे. आजच्या मोटारींचे बंपर प्लॅस्टिकचे असतात आणि त्यामागे सेन्सर, पार्किंगचे कॅमेरे आणि रेडिएटर असतात. खड्ड्यात गेलेली गाडी वर काढायला क्रेन हवीच, पण रोजच्या टोचनासाठी केवळ क्रेनची बॉडी बांधण्याचा सल्ला मी आता कोणालाही देणार नाही.

अरुंद गल्ल्यांसाठी अंडरलिफ्ट, म्हणजे चाकांखाली हात घालून एका बाजूची दोन्ही चाके उचलणारी रचना, अजूनही उत्तम आहे. ती हलकी आणि स्वस्त असते आणि थोड्या जागेत वळते. मात्र तिच्या बाबतीत एक हिशेब टाळता येत नाही. उचललेल्या मोटारीचे सुमारे ७५० किलो वजन मागच्या ॲक्सलच्या २.४ मीटर मागे येत असेल आणि आपल्या गाडीच्या दोन ॲक्सलमधील अंतर ३.६ मीटर असेल, तर पहारीने दगड उचकटावा तसे ते वजन पुढच्या ॲक्सलवरचा भार ५०० किलोंनी कमी करते आणि मागच्या ॲक्सलवर १२५० किलो टाकते. पुढची चाके हलकी झाली की स्टिअरिंग सैल लागते आणि ओल्या रस्त्यावर ब्रेकची पकड जाते. म्हणून छोट्या पिकअपवर लांब हाताची अंडरलिफ्ट बसवून घेणाऱ्यांना मी कळकळीने थांबवतो. चासीची लांबी वाढवून बॉडी मागे नेण्यालाही मर्यादा आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम ९३ नुसार मागच्या बाजूला बाहेर येणारा भाग दोन ॲक्सलमधील अंतराच्या ६० टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही.

दुसरी मर्यादा मोटारींकडून येते. चारही चाकांना गती देणाऱ्या मोटारी आणि विजेवरच्या मोटारी दोन चाके जमिनीवर ठेवून ओढू नयेत, असे त्यांचे उत्पादक सांगतात. विजेच्या मोटारीची चाके फिरली की त्यांना जोडलेली मोटर फिरते आणि वीज निर्माण करू लागते, त्यामुळे आतील यंत्रणेला अपाय होऊ शकतो. पुरात बुडालेल्या मोटारींचेही तसेच. २५ जुलै २०२४ रोजी खडकवासल्यातून सोडलेल्या पाण्याने सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत पाणी शिरले. अशा पुरानंतर पार्किंगमध्ये बुडालेली मोटार सुरू करून पाहणे म्हणजे इंजिन मोडून घेणे असते, कारण सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी दबत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतात. अशी मोटार पूर्ण उचलून बेडवर ठेवूनच न्यावी लागते.

म्हणून उपनगरे आणि महामार्ग या दोन्हींसाठी माझी पसंती मागे सरकून तिरप्या होणाऱ्या बेडला आहे आणि त्याच्या मागे एक आखूड अंडरलिफ्ट असावी. बेड सव्वापाच ते साडेपाच मीटरचा हवा. फॉर्च्युनर सुमारे ४.८ मीटर लांब आहे आणि पट्टे बांधायला पुढे-मागे जागा लागते. शिवाय बेड लांब असला की त्याचा चढ कमी होतो आणि खालच्या बंपरच्या सेडानची पुढची कड घासत नाही. वजनाचा हिशेब मात्र कागदावर मांडावा. समजा, परवानगीचे एकूण वजन ७४९० किलो, केबिनसह चासी २७०० किलो, सबफ्रेम (चासी आणि बेड यांच्यामधली चौकट), बेड, विंच (दोराने गाडी ओढणारे यंत्र) आणि अंडरलिफ्ट मिळून २००० किलो आणि माणसे, डिझेल व हत्यारे मिळून ३५० किलो. उरतात २४४० किलो. फॉर्च्युनर दोन टनांहून अधिक भरते, म्हणजे ती बेडवर असताना मागे दुसरी गाडी टोचन करून न्यायला काहीच शिल्लक राहत नाही. जाड चकर प्लेटऐवजी, म्हणजे उठावदार नक्षीच्या लोखंडी पत्र्याऐवजी, ॲल्युमिनियमचा बेड घेतला तर काही शे किलो वाचू शकतात. तो महाग पडतो, पण रोज वाहून न्यावे लागणारे वजन कायमचे कमी होते.

विंच निवडताना बहुतेकांची फसगत होते, कारण विंचवर लिहिलेली ताकद ड्रमवरच्या पहिल्या थरासाठी असते आणि दोर जसजसा थरांवर थर गुंडाळला जातो तसतशी ती घटते. २१०० किलोंची गाडी १५ अंशांच्या बेडवर मोकळ्या चाकांनी चढवायला साडेपाचशे-सहाशे किलोंचा ओढ पुरतो, पण चारही चाके जाम झालेली असतील आणि लोखंडावर घासत येत असतील तर तोच ओढ पावणेदोन टनांवर जातो. त्यामुळे चार टनांची विंच ही चैन नाही. ती पीटीओवर, म्हणजे गाडीच्याच इंजिनाच्या शक्तीवर, चालणाऱ्या पंपाची असावी. बॅटरीवरची विंच सलग ओढायला लागली की तापते आणि पावसाळ्याच्या रात्री आपलीच बॅटरी उतरवते.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळे लिहायला घेतले ती. आपल्याकडे वाहतूक डावीकडून चालते, त्यामुळे रस्त्याच्या कडेला थांबलेल्या गाडीची उजवी बाजू धावत्या वाहनांकडे असते. हायड्रॉलिक चालवायचे दांडे, विंचचा रिमोट, पट्टे, पान्हे, जॅक आणि स्टेपनी काढण्याची पेटी हे सर्व डाव्या बाजूने हाताशी आले पाहिजे. परदेशी तक्त्यांवरून उतरवलेल्या बॉड्यांत हे उलटे झालेले मी पाहिले आहे, कारण अमेरिकेत वाहतूक दुसऱ्या बाजूने चालते. बॉडी बांधणारे सांगतात की पाइप उजवीकडूनच सोपे पडतात. सोपे पडत असतील, पण द्रुतगती मार्गावर पाठीमागून कंटेनर येत असताना तेथे उभा राहणारा मुलगा आपल्याच गॅरेजमधला असतो. दोन्ही बाजूंना दांडे बसवायला जो जादा खर्च येतो, तो विंचच्या रंगावर आणि केबिनच्या सजावटीवर होणाऱ्या खर्चातून सहज निघतो. मागच्या बाजूला परावर्तक पट्ट्या आणि उंचावर पिवळा फिरता दिवा हवा, आणि बेड मागे सरकल्यावर तो दिवा झाकला जात नाही ना, हे कारखान्यातच पाहून घ्यावे.

तळघरांसाठी वेगळा मार्ग आहे. एका छोट्या पिकअपवर बंद कपाटांची, कमी उंचीची बॉडी बांधून तिच्यात जंप स्टार्टर, कॉम्प्रेसर, पंक्चरचे सामान आणि जाम चाकांखाली घालायच्या चाकांच्या ट्रॉल्या ठेवाव्यात. अनेक ठिकाणी गाडी तेथेच सुरू होते आणि बेडची गरजच पडत नाही.

भोसरीत बॉडी बांधून घेताना चासीच्या पट्ट्यांवर वेल्डिंग करू देऊ नये आणि त्यांच्या वरच्या-खालच्या कडांना भोके पाडू देऊ नयेत. चासी उत्पादकाच्या पुस्तिकेप्रमाणे सबफ्रेम यू-बोल्ट आणि प्लेटने बसवावी. बेड हलवणाऱ्या प्रत्येक हायड्रॉलिक सिलिंडरवर लॉक व्हॉल्व्ह आहे का ते विचारावे, कारण होज फुटला तरी बेड तेथेच थांबला पाहिजे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे नोंदणीतील तपशिलाशी न जुळणारा बदल परवानगीशिवाय करता येत नाही, म्हणून मंजुरीची कागदपत्रे बॉडी बांधणाऱ्याकडून आधीच पाहून घ्यावीत. वाहनांची चाचणी घेणाऱ्या एआरएआय आणि सीआयआरटी या दोन्ही संस्था पुण्यातच आहेत, त्यामुळे 'मंजुरी बाहेरून आणावी लागते' ही सबब येथे चालत नाही.

एकूण वजन ७५०० किलोंच्या आत ठेवण्याचा आणखी एक लाभ आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिलेल्या निकालानुसार हलक्या वाहनाचा परवाना असलेला चालक या मर्यादेतील मालवाहू गाडी चालवू शकतो, त्यामुळे रात्रपाळीला माणूस मिळणे सोपे होते. बॉडी तयार झाली की शेवटचा हप्ता देण्यापूर्वी गाडी वजनकाट्यावर न्यावी, पुढचा आणि मागचा ॲक्सल वेगवेगळा तोलावा, आणि मग एखादी मोटार बेडवर चढवून तेच पुन्हा करावे. पुढच्या ॲक्सलवरचा आकडा अपेक्षेपेक्षा कमी आला, तर बेडची जागा तेव्हाच बदलून घ्यावी.