अवयवदानाचा हिरवा बँड: डाय (साचा) कापायला देण्याआधी

२००४ मध्ये सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगच्या कॅन्सर फाउंडेशनने नायकीच्या साथीने मनगटात घालायचा पिवळा सिलिकॉन बँड एका डॉलरला विकायला काढला आणि त्याचे कोट्यवधी नग खपले. तेव्हापासून एखाद्या संस्थेसाठी असे बँड काढून विकायचा धंदा सोपा वाटतो. माल नासत नाही, फुटत नाही. नेहमीचा बँड २०२ मिमी घेराचा, १२ मिमी रुंद, २ मिमी जाड; वजन साडेपाच ग्रॅमच्या आसपास, म्हणजे हजार नग सहा किलोच्या आत. घोडं अडतं ते अक्षरांपाशी, आणि मग हिशेबापाशी.

समजा, अवयवदानाचा हिरवा बँड काढायचाय. १२ मिमीतून दोन्ही कडांना दोन-दोन मिमी सोडले की आठ उरतात. इंग्रजी कॅपिटल अक्षरं ही सगळी उंची वापरतात. आपल्याकडे वर वेलांटी-रफार आणि खाली उकार बसवायचा, म्हणून मूळ अक्षराच्या वाट्याला जेमतेम चार-साडेचार मिमी येतात. 'पुनर्जन्म' लिहून बघा: खाली उकार, वर रफार, शेवटी 'न्म'. खोलगट अक्षरांत रंग भरला की अर्धा 'न' हमखास बुजतो. 'अवयवदान' हा शब्द मात्र या कामासाठीच घडवल्यासारखा आहे. ना वेलांटी, ना उकार, ना जोडाक्षर. तोच मोठा घ्या. रेघ अर्ध्या मिमीपेक्षा बारीक ठेवू नका, आणि घोषवाक्य लांबच हवं असेल तर २५ मिमी रुंदीचा बँड घ्या.

फाइल पाठवताना फाँट कर्व्हमध्ये, म्हणजे अक्षरांच्या नुसत्या आकृतीत, बदलूनच पाठवा. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधला मजकूर दुसऱ्या मशिनवर उघडला की त्याचा पार चुराडा होतो. युनिकोड असलं तरी काही डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते आणि जोडाक्षरं सुटी होतात. डाय कापणाऱ्याला मराठी वाचता येत असेलच असं नाही; त्याच्या लेखी ती नुसती नक्षी. प्रूफ आपणच वाचायचं, आणि पहिल्या नगाचा फोटो मागवल्याशिवाय पुढचा माल काढू द्यायचा नाही. एकदा कापलेली डाय दुरुस्त होत नाही, नवीच करावी लागते.

शंभर-दोनशेच नग हवे असतील तर साध्या बँडवर स्क्रीन प्रिंट परवडतं, कारण डायचा खर्च वाचतो. पण सिलिकॉनवर साधी शाई धरत नाही. सिलिकॉनचीच शाई लावून भट्टीत पक्की करावी लागते. सॅम्पल ताणा, नखाने खरवडा. पापुद्रा निघाला तर माल परत. ताणलेल्या जागी पांढुरकी रेघ उमटली तर भेसळ, म्हणजे फिलर (स्वस्त भर) जास्त. एक तुकडा जाळून बघा: सिलिकॉनची पांढरी राख होते, पीव्हीसी प्लॅस्टिक काळा, झोंबणारा धूर सोडतं.

आता ज्या संस्थेसाठी बँड विकायचा, तिची बाजू. नाव आणि लोगो वापरायची परवानगी लेखीच घ्या. रक्तदानाच्या बँडवर लाल क्रॉस टाकायचा मोह होतो; जिनिव्हा कन्व्हेन्शन्स अ‍ॅक्ट, १९६० प्रमाणे त्या चिन्हाचा विनापरवाना वापर हा गुन्हा आहे. थेंब काढा, हृदय काढा.

पाकिटावर 'विक्रीतला काही भाग संस्थेला' असं मोघम छापणं आमच्या मते निव्वळ लबाडी. 'प्रत्येक बँडमागे १५ रुपये' असं छापा. उदाहरणादाखल, ५० रुपयांच्या बँडवर माल आणि डायचा वाटा १७, कार्ड-पाकीट ४, संस्थेचे १५, तर हातात १४ राहतात. कुरिअर त्यातूनच केलं तर तोटा, म्हणून सुटा नग पोस्टाने विकूच नका. दहाचा संच करा किंवा कॉलेज, धावण्याचे गट, गणेश मंडळं यांच्या एकगठ्ठा ऑर्डरी घ्या. बँड घेणाऱ्याला ८०जीची (देणगीवरची) आयकर सूट कबूल करू नका. ती विक्री आहे, देणगी नव्हे. परराज्यात माल पाठवायचा असेल तर उलाढाल कितीही लहान असो, जीएसटी नोंदणी आधी.

भारतीय अवयवदान दिन ३ ऑगस्टला, जागतिक १३ ऑगस्टला. मागणी या दोन आठवड्यांत एकवटते, त्यामुळे प्रूफ जूनच्या सुरुवातीलाच पक्कं झालेलं बरं. आणि बँडवर साल छापू नका. उरलेला माल पुढच्या ऑगस्टला तसाच विकता येतो.