तुम्ही विचारलंत म्हणून: शेवटी दोषी कोण?

प्लेगची लस बनवणाऱ्या हाफकिनवरच्या माझ्या एकांकिकेचा प्रयोग संपतो, आम्ही सेट उचलायला लागतो, आणि कुणीतरी विंगेत येतंच. "छान झालं हो, पण शेवटी दोषी कोण ते कळलं नाही. हाफकिन बरोबर की चूक?" विज्ञानाच्या इतिहासावर मी चार-पाच एकांकिका लिहिल्या आणि बसवल्या. प्रत्येकीनंतर हा प्रश्न ठरलेला. पुढच्या संघाची माणसं लेव्हल, म्हणजे सेटचे लाकडी चौथरे घेऊन डोक्यावर उभी असतात, त्यामुळे "बघा विचार करून" म्हणत मी निसटते. आज निवांत आहे, म्हणून सांगते.

प्लेग म्हटलं की आपल्याला रँड आठवतो, चापेकर आठवतात, 22 जून 1897ची गणेशखिंडीच्या रस्त्यावरची रात्र आठवते. प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता त्याच साथीत गेलेल्या सावित्रीबाई आठवतात. हाफकिन मात्र परळच्या संस्थेच्या पाटीपुरता. ओडेसाचा हा ज्यू शास्त्रज्ञ त्या काळात मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात मांसाच्या रश्श्यात प्लेगचे जंतू वाढवत होता. वर तुपाचे थेंब सोडायचे. त्या थेंबांना धरून जंतू खाली लोंबत वाढायचे, गुहेच्या छताला चुनखडीचे सुळके लोंबतात तसे. मग ते तापवून मारायचे आणि मेलेले जंतू टोचायचे. ही झाली लस. आमच्या प्रॉपर्टीवाल्या, म्हणजे रंगमंचावरच्या वस्तू सांभाळणाऱ्या मुलीनं पहिल्या तालमीला घरून साजूक तूप आणलं होतं. डिसेंबरात ते गोठलं, काचेच्या चंबूत पांढरा गोळा तरंगायला लागला आणि हाफकिन झालेल्या मुलाला हसू आवरेना. शेवटी गोडेतेल वापरलं.

10 जानेवारी 1897ला हाफकिननं ती लस आधी स्वतःला टोचून घेतली, तीही पुढे लोकांना दिली त्याच्या तिपटीहून जास्त. ताप चढला तरी गाजावाजा नाही. माझा पहिला खर्डा इथंच संपत होता. टाळी हमखास होती. खरं सांगायचं तर मी त्याला देव करून टाकलं होतं.

भायखळ्याच्या तुरुंगाचा प्रसंग त्यात होता, पण दोन ओळींचा. तुरुंगात प्लेग शिरलेला. लस घ्यायला तयार कोण, असं विचारतात, कैदी हात वर करतात, ब्लॅकआऊट. घडलंही ढोबळमानानं तसंच होतं. कैदी पुढे आले, साधारण निम्म्यांना टोचलं, बाकीच्यांना नाही. न टोचलेल्यांत जास्त माणसं दगावली आणि त्या फरकावरूनच लस चालते असं सांगता आलं.

कैद्याचं काम करणारा मुलगा कॉमर्सच्या दुसऱ्या वर्षाला होता. त्यानं तालमीत विचारलं, "ताई, मी हात का वर करतो?"

"प्लेगला घाबरून."

"मग माझ्या मागचा का नाही करत?"

"तो सुईला घाबरतो."

"बरं. आणि मी नाही म्हटलं तर जेलर काय करेल?"

मला उत्तर देता येईना. आम्ही हात वर करण्याच्या तीन तऱ्हा करून पाहिल्या. एकदा थेट, एकदा जेलरकडे बघत, एकदा आधी शेजारच्याकडे बघून मग कोपरातून अर्धाच. तिसऱ्या वेळी हॉलमधला पंखा तेवढा ऐकू येत होता. ती तऱ्हा ठेवली आणि पुढचं सगळं नव्यानं लिहिलं.

पाच वर्षांनी, 30 ऑक्टोबर 1902ला, पंजाबातल्या मुल्कोवाल गावी लस टोचलेल्या 107 जणांपैकी 19 जणांना धनुर्वात झाला. सगळे गेले. एकोणीसही जणांची लस एकाच बाटलीतली होती, 53-एन. ठपका मुंबईच्या प्रयोगशाळेवर आला, हाफकिनला निलंबित केलं. मुल्कोवालला बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो जेमतेम जंतुनाशकात बुडवून वापरला होता, ही गोष्ट जमेस धरायला वर्षं गेली. रोनाल्ड रॉससारखे शास्त्रज्ञ त्याच्या बाजूनं भांडले, तेव्हा 1907मध्ये तो ठपक्यातून सुटला. प्रेक्षक इथं हमखास हळहळतात, हाफकिनसाठी. एकोणीस जणांसाठी कुणी हळहळलेलं मी अजून ऐकलेलं नाही.

चिमट्याचा आवाज मी नाटकात अगदी सुरुवातीला ठेवला, अंधारात. लाकडी रंगमंचावर तो नुसता ठप्प वाजायचा, म्हणून खाली जेवणाचं ताट ठेवलं. टण्ण! लोक विसरून जातात. अर्ध्या तासानं तोच आवाज पुन्हा येतो, तेव्हा मागच्या रांगेतलं वेफर्सचं पाकीटसुद्धा थांबतं.

तर दोषी कोण? एका परीक्षकांनी "लेखिकेनं बाजू घेण्याचं टाळलं" म्हणून गुण कापले होते. मला ते पटत नाही. त्या लशीनं पुढे असंख्य माणसं वाचली, आणि ज्या कैद्यांमुळे ती सिद्ध झाली त्यांना 'नाही' म्हणायची कितपत मोकळीक होती, हे विचारायलाच हवं. यातलं एक खरं म्हणून दुसरं खोटं होत नाही. शेवटच्या दोन मिनिटांत मी निकाल दिला, तर प्रेक्षक तो घेऊन पार्किंगकडे निघतील आणि अर्धा वर आलेला हात तिथंच राहील. इतिहासातले विषय घेते तेही याचसाठी. आजच्या औषधाच्या चाचणीवर लिहिलं तर लोक औषध चालेल का, यातच अडकतात. इथं लस चालते हे आधीच ठाऊक असतं, त्यामुळे नजर हाताकडे जाते.

आमच्या शेवटच्या प्रयोगात त्या मुलानं हात वर केलाच नाही. मला न सांगता. जेलर झालेला मुलगा क्षणभर त्याच्याकडे बघत राहिला, मग वहीत काहीतरी लिहून पुढे सरकला. नंतर विंगेत विचारलं, "काय लिहिलंस रे?"

"त्याचा नंबर," तो म्हणाला.