माथेरान एका दिवसात: दस्तुरी नाका जपून पार करा

माथेरानचा दिवस वाया जातो तो वर गावात नव्हे, दस्तुरी नाक्यावर, म्हणजे जिथून पुढे गाड्यांना बंदी आहे तिथे. गाडीतून उतरल्यापासून प्रवासी कराच्या खिडकीपर्यंत मोजून काही पावलं असतात. तेवढ्यात जो दुसऱ्याचं ऐकतो, त्याच्या खिशातून हजार-दोन हजार गेलेच समजा.

तिथवर पोहोचणं सरळ आहे. कर्जत किंवा खोपोली लोकल पकडून नेरळला उतरायचं. बदलापूरची नेरळपर्यंत जात नाही. सीएसएमटीहून दोनेक तास धरा. या गाड्या कमी असतात, त्यामुळे एक चुकली की सकाळ हातची गेली. नेरळहून थेट मिनी ट्रेन हा भरवशाचा बेत नव्हे: फेऱ्या मोजक्या, डबे छोटे, पावसाळ्यात हा टप्पा बंद आणि वर पोहोचायला अडीच तासांहून जास्त. हौस म्हणून ठीक, पण एका दिवसाच्या सहलीत अर्धा दिवस त्यातच जातो. स्टेशनबाहेर दस्तुरीपर्यंत सीटवर टॅक्सी मिळते, ती घ्या. स्वतःची गाडी असेल तर घाट पहिल्या-दुसऱ्या गिअरचाच आहे. चढावर अर्धा क्लच धरून उभं राहिलात की जळका वास आलाच. हँडब्रेक लावा.

आता नाका. इथे घोडेवाल्यांकडून ठरलेली वाक्यं ऐकू येतात: ‘शटल बंद आहे’, ‘पायी सात-आठ किलोमीटर चढ आहे’, ‘पॉइंट फक्त घोड्यावरूनच होतात’. तिन्हींवर विश्वास ठेवू नका. मिनी ट्रेनचं अमन लॉज स्टेशन नाक्यापासून चालत काही मिनिटांवर आहे, तिथून गावापर्यंत शटल, म्हणजे मिनी ट्रेनची छोटी फेरी असते. पावसाळ्यात नेरळची गाडी बंद असते तेव्हाही अमन लॉज–माथेरान शटल सहसा चालू असते. चालू की बंद हे फक्त तिकीट खिडकीवर विचारायचं. गावापर्यंतचं अंतर तीनेक किलोमीटर आहे, चढ नावालाच. या दिशाभुलीला कंटाळून मार्च २०२५मध्ये स्थानिकांनीच माथेरान बंद पुकारलं होतं, यावरून काय ते ओळखा. सगळे घोडेवाले असे नसतात. पण घोडा हवाच असेल तर दरफलक वाचून, किती पॉइंट, किती वेळ आणि भाडं माणशी की एकूण, हे बसण्याआधी ठरवा. उतरताना घातलेली हुज्जत कामाची नाही.

क्रम असा ठेवा: न थांबता पुढे जायचं, कर भरून पावती जपायची, शटलची रांग बघायची. रांग पुढच्या गाडीत मावणारी दिसली तर तिकीट काढा, नाहीतर सरळ चालू लागा. ई-रिक्षा आहेत, पण मोजक्या. शनिवार-रविवारी त्यांच्यावर बेत आखू नका. रुळांच्या कडेने पाऊण तासात बाजार येतो. गाडीची शिट्टी ऐकू आली की डोंगराच्या बाजूला सरा, दरीच्या नको. घोड्यांच्या वाटेने गेलात तर लाल धूळ आणि लीद तुमचीच. पांढरे बूट घरी ठेवा. पावसात त्याच मातीचा चिखल होतो, तेव्हा गुळगुळीत तळव्याची चप्पल म्हणजे आपटी पक्की.

वर एका दिवसात सगळे पॉइंट करायचा हट्ट नको. शार्लट तलाव, त्याच्या आसपासचे लॉर्ड आणि एको, मग लुईझा पॉइंट. एवढी पश्चिम बाजू पायी आरामात होते, आणि लुईझावरून समोरचा प्रबळगड बघून झाला की पैसे वसूल. पॅनोरमा उत्तर टोकाला आहे, तो मुक्कामी लोकांसाठी सोडा. शार्लटचं पाणी गाव पितं, पाय बुडवू नका. खाण्याची पिशवी हातात लटकवलीत की माकडं ती नेणारच, सॅकमध्ये ठेवा.

परतीचा हिशेब लोक विसरतात. रविवारी चारच्या आत बाजार सोडा. संध्याकाळी शटलची रांग लांबते आणि दस्तुरीला सीटवर टॅक्सी मिळेनाशी होते. ‘पूर्ण गाडी करा’ सुरू होतं. तेव्हा रांगेतल्याच अनोळखी तिघा-चौघांना गाठून गाडी वाटून घ्या. चिक्की घ्यायची असेल तर ती सकाळीच घेऊन दिवसभर वागवू नका, परतताना बाजारातूनच जायचं असतं.