इम्पोर्ट दिसत नाही म्हणून

उत्तर बरोबर आलं तरी दुपारपासून चैन नाही. जावा या प्रोग्रामिंग भाषेच्या परीक्षेची तयारी चाललीय, त्यातल्या मॉक टेस्टमधला प्रश्न साधाच, अ‍ॅरेलिस्ट (जावातली तयार यादी) वापरलेली, वर ती कुठून आणायची हे सांगणारी इम्पोर्टची ओळ नाही, आणि पर्यायांत 'कंपाइल होणार नाही', म्हणजे कोड चालण्याआधीच अडेल, हे अगदी ऐटीत बसलेलं. परीक्षा घेणाऱ्या ओरॅकल कंपनीने आधीच सांगून ठेवलंय की इम्पोर्ट किंवा पॅकेजची (कोड कुठल्या गटातला, हे सांगणारी) ओळ दिसत नसेल आणि प्रश्न त्याबद्दल विचारत नसेल तर ते आहेत असंच धरा, कोडचा नुसता तुकडा दिला असेल तर बाकीचा कुठेतरी आहे असं समजा, 'इथे गेटर-सेटर' (व्हॅल्यू वाचायच्या-बदलायच्या मेथड) अशी नुसती कॉमेंट, म्हणजे टीप, असेल तर तीही खरी माना. हे सगळं मला पाठ आहे. तरी टिक करताना पोटात गोळा, की कुणीतरी गंडवतंय आपल्याला.

आणि गंडवतातच ना! पुढच्याच प्रश्नात मेथडच्या (कोडमधल्या एका कामाच्या तुकड्याच्या) आत इंट, म्हणजे पूर्णांक ठेवायचं व्हेरिएबल, घेतलाय, व्हॅल्यू न देताच प्रिंट करायला लावलाय, तिथे खरंच कंपाइल होत नाही. तोच मेथडबाहेर, क्लासचा फील्ड असता तर मुकाट 0 आला असता. म्हणजे जे लिहिलंच नाही ते माफ, आणि लिहिलंय ते अक्षर न् अक्षर तपासा. 50 प्रश्न, 90 मिनिटं, एकेका प्रश्नाला दोन मिनिटंही नाहीत, तेवढ्यात कधी भोळं व्हायचं न् कधी संशयी हे ठरवायचं कसं? ऑफिसात मला पगारच संशय घ्यायचा मिळतो.

ठाण्याला गाडी बदलताना मंदारचा मेसेज आला, 'ठीक आहे. बघू.' एवढंच, मागचं पुढचं काही नाही. डोंबिवली येईपर्यंत मी त्या तीन शब्दांची चिरफाड करत बसले, मध्ये पूर्णविराम का दिलाय, बघू म्हणजे नक्की कोण बघणार. आई म्हणेल सोड, पण आईशी आज हा विषय नकोच. रडू येत होतं खरं, पण चौथ्या सीटवर अर्धं लटकून, खांद्यावर कुणाचीतरी पर्स आदळत असताना नीट रडताही येत नाही. मग हसूच आलं. एवढी फी भरून मी शिकतेय काय, तर समोरच्याने न लिहिलेलं चांगल्या मनाने धरून चालायला! फायदा त्याचाच होणार असेल तर अर्धी फी त्याच्याकडून घ्यायला हवी.

रिप्लाय अजून दिलेला नाही. आधी लॅम्डाचे (नाव नसलेल्या छोट्या फंक्शनचे) राहिलेले प्रश्न उरकते, तिथे आत वापरलेलं लोकल व्हेरिएबल नंतर बदललं की संपलं, कुणाची गय नाही.