पंचा किती वेळात वाळतो

१४ एप्रिल, डोंबिवली

सकाळी धुऊन टाकलेला पंचा संध्याकाळी घरी आल्यावर हातात घेतला, तर कडांना अजून दमट. बाहेर दिवसभर ऊन मी म्हणत होतं. चौथ्या मजल्यावरची गॅलरी, वारा येतो म्हणून तेवीस वर्षांपूर्वी हीच जागा घेतली, आणि तरी पंचा दमट! मी तो ह्यांच्या नाकासमोर धरला. "बघा, ही आपली हवा." ह्यांनी पेपरातून डोकं वर न काढता विचारलं, "मग तुला कुठली हवी?"

रात्री अंथरुणावर पडल्यावर तेच डोक्यात घोळत राहिलं. अकरा महिन्यांनी मी बँकेतून मोकळी होईन. हे शाळेतून मागच्या वर्षीच निवृत्त झाले. म्हणजे लोकलच्या वेळापत्रकाला बांधलेलं घरात कुणी उरणार नाही. आजवर घर घेतलं ते स्टेशन किती मिनिटांवर आहे ते बघून. दळण टाकलं तेसुद्धा स्टेशनच्या वाटेवरच्या गिरणीत. हवा बघून राहायची जागा ठरवायची, हे श्रीमंतांचं काम असं वाटायचं.

मी नागपूरची, हे गुहागरचे. आमचं लग्न ठरलं तेव्हा आजी म्हणाली होती, "पोरगी कोरडवाहूतून उचलली अन् पाण्यात टाकली." तिला कुठे माहीत, पाण्यात नाही, आम्ही तीस वर्षं डोंबिवलीच्या वाफेत राहणार होतो.

लेकीचं म्हणणं, बंगळूरला या. समुद्रसपाटीपासून नऊशे मीटर उंच, हवा छान. खरं आहे. पण २०२४च्या मार्चमध्ये तिच्या सोसायटीत टँकरच्या पाण्यावर बादल्या मोजून आंघोळी चालल्या होत्या, ते मी डोळ्यांनी बघून आले आहे. छान हवेत पंचा धुवायचा कशाने?

एक गोष्ट मात्र मी ठरवली. आपापल्या गावाला बोलावताना लोक नेमका चांगला महिना सांगतात. भाऊ म्हणतो, "ताई, डिसेंबरात ये, संत्र्यांच्या दिवसांत." धाकटे दीर म्हणतात, "वहिनी, मे महिन्यात या, आंबे खायला." चांगल्या महिन्यात काय, कुठलंही गाव चांगलंच असतं. राहायचं तर वर्षाचे बारा महिने. म्हणून प्रत्येक गाव त्याच्या वाईट महिन्यात बघायचं आणि सोबत हा पंचा न्यायचा.

ह्यांना पंच्याची कल्पना फार आवडली. इतकी, की त्यांनी माळ्यावरून प्रयोगशाळेतले दोन तापमापी काढले.

२१ मे, नागपूर

अकराच्या सुमाराला पंचा पिळून गच्चीच्या दोरीवर टाकला. खाली आले, वहिनीने दिलेलं पन्हं प्यायले, तिच्याशी चार शब्द बोलले आणि पुन्हा वर गेले. पंचा वाळून पापड! बारा मिनिटं. हे घड्याळ लावून जिन्यातच बसले होते.

भाऊ चिडलाच. "काहून वो ताई, नवतपा तोंडावर आला अन् तुम्ही घरं पाहून राहिले?" नवतपा म्हणजे २५ मेपासून रोहिणीतले नऊ दिवस. लहानपणी त्या दिवसांत आम्ही संध्याकाळी गच्चीवर बादल्यांनी पाणी मारायचो. आधी गरम वाफ यायची, मग मातीचा वास, मग रात्री गाद्या. आता गच्चीवर कुणी झोपत नाही. रात्री अकराला कठड्याला हात लावला तर चटका बसला. इथे २३ मे २०१३ला पारा ४७.९ वर गेला होता, ते दिवस भाऊ अजून सांगतो. २०२४मध्ये एका स्वयंचलित केंद्राने ५६ दाखवले तेव्हा तर सगळ्या नातेवाइकांचे फोन आले होते. नंतर हवामान खात्याने यंत्र बिघडल्याचं सांगितलं, पण तोवर भावाने आकडा गावभर करून टाकला होता. नागपूरकराला आपल्या उन्हाचा एक अभिमान असतो.

दुपारी ह्यांचा प्रयोग झाला. ओसरीच्या सावलीत दोन्ही तापमापी टांगले. एकाच्या फुग्याला जुन्या पंच्याची ओली चिंधी गुंडाळली. कोरडा ४४ वर. ओला उतरत उतरत २४ वर येऊन थांबला. निघायच्या आदल्या दिवशी डोंबिवलीत हेच केलं होतं तेव्हा कोरडा ३४ होता आणि ओला २८. वहिनी पदर सावरत बघत होती. म्हणाली, "म्हणजे डोंबिवली आमच्यापेक्षा गरम?"

हे लगेच वर्गात शिरले. पाणी सुकताना उष्णता घेऊन जातं. हवा कोरडी असेल तर भराभर सुकतं आणि भरपूर घेऊन जातं. हवा आधीच पाण्याने भरलेली असेल तर घाम जागच्या जागी निथळतो, गारवा काही देत नाही. हवामान खात्याच्या त्या पांढऱ्या झडपांच्या पेटीत असेच दोन तापमापी असतात, एक कोरडा आणि एक मलमल गुंडाळलेला. मला गंमत वाटली. इतकी वर्षं मी गॅलरीत उभी राहून जे चाचपत होते, ते सरकारी पेटीत होतंच की! आणि कूलर तरी काय, खिडकीत अडकवलेला ओला पंचाच. म्हणून तो इथे खोली गार करतो. डोंबिवलीत लावला तर भिंतींना ओल येईल.

वाळवणाचं तर विचारूच नका. वहिनीने सकाळी घातलेल्या कुरडया संध्याकाळी कडकडीत वाळून डब्यात गेल्या. माझ्या गॅलरीत तीन दिवस लागतात, तेही कबुतरांना हाकलत.

पंच्यापुरतं बोलायचं तर मी तिथेच घर घेतलं असतं.

पण काका दवाखान्यात होते. वय ७८. घराबाहेर पाऊल नाही, उन्हात गेलेच नव्हते. रक्तदाबाच्या गोळ्या चालू, त्यातली एक लघवी जास्त करवणारी. तहान लागली नाही म्हणून पाणी प्यायले नाहीत आणि दुसऱ्या दिवशी बोलणंच असंबद्ध झालं. डॉक्टर म्हणाले, वय झालं की तहान कमी कळते आणि घामही कमी सुटतो. म्हणजे ज्या घामाच्या जोरावर मी बारा मिनिटांच्या पंच्याचं कौतुक करत होते, तो घाम सत्तरीनंतर मला सुटेलच असं नाही. शिवाय ४४ची हवा अंगापेक्षा गरम. पंख्याखाली बसलं तर भट्टीचं तोंड उघडल्यासारखं वाटतं.

भावाला काही बोलले नाही. स्टेशनवर सोडायला आला तेव्हा त्याने कांदा दिला, खिशात ठेवायला. मला खिसा नाही म्हणून ह्यांच्या खिशात.

२६ जुलै, गुहागर

पंचा: चौथा दिवस.

तापमापी: कोरडा २७, ओला २६. हे म्हणतात, दोन्हींत फरकच नाही, मग पंचा वाळणार कसा. पडवीत दोरी बांधली आहे, तिच्यावर आमचे, जावेचे आणि दिरांचे कपडे असे एकाला एक चिकटून लोंबकळताहेत की कुणाचं काय ते वासावरून ओळखायचं. मिठाला पाणी सुटलंय. काडेपेटीच्या सहा काड्या घासल्यावर एक पेटते. पापड तळून पानात वाढेपर्यंत सादळला. ह्यांच्या कमरेच्या पट्ट्यावर हिरवी बुरशी आली आणि ती यांनी मला कौतुकाने दाखवली.

आणि तरीही इथे रात्री जी झोप लागते तशी डोंबिवलीत वीस वर्षांत लागली नाही. कौलांवर पाऊस पडतो तो एकसुरी नसतो. मध्येच थांबतो, माडावरून एक जोराची सर घसरते, मग पागोळ्या. हे पहाटे उठून मागच्या दारी नुसते उभे राहतात. शाळेच्या काळात ज्या माणसाला पाठीच्या दुखण्याने खाली वाकता येत नव्हतं, तो काल पोफळीच्या बागेत चर मोकळा करत होता. हवेचा हिशोब पंच्याने करता येतो, पण ह्या माणसाला कशात मोजायचं?

अंगणात ये-जा करायला दिरांनी माडाच्या झावळ्या पसरून ठेवल्या आहेत, पाय घसरू नये म्हणून. पाखाडीवर, म्हणजे दगडी पायवाटेवर, शेवाळ आहे. मी रोज पाय दाबून दाबून चालते आणि रोज वाटतं, आज खुब्याचं हाड जाणार. काल एकोणीस तास वीज नव्हती. जाऊबाईंना त्याचं काही नाही. त्यांची आगोट मे महिन्यातच भरलेली असते, लाकडं, सुकी मासळी, डाळी, मसाला, सगळं. म्हणाल्या, "चार महिने आपल्याला कुठे जायचंय?"

नेमकं हेच मला जड जातं. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि जवळजवळ सगळा ह्याच चार महिन्यांत. म्हातारपणी त्यातले किती दिवस घरात काढायचे? दिरांचे हृदयाचे डॉक्टर चिपळूणला, इथून पंचेचाळीस किलोमीटर. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, तेव्हा डॉक्टरच काय, चिपळूणच पाण्यात होतं. दीर शांतपणे म्हणाले, "त्या आठवड्यात मी छातीत दुखून घेतलं नाही, वहिनी." सगळे हसलो.

निसर्ग वादळ ३ जून २०२०ला आलं ते गुहागरवर नाही, वर श्रीवर्धन-दापोलीकडे. तिकडच्या एका नातेवाइकांची पोफळीची बाग एका दुपारीत आडवी झाली. पोफळ लावल्यापासून नीट धरायला सात-आठ वर्षं जातात. साठीला लावायची कुणासाठी?

हे मी ह्यांना विचारलं नाही. ते अजून चराजवळ होते.

१७ ऑगस्ट, वाई

आज एका दिवसात तीन गावं आणि तीन हवामानं बघितली.

सकाळी महाबळेश्वरला एसटीतून उतरलो तर समोरच्या टपरीची पाटी दिसेना. धुकं नव्हे, ढगच अंगावर. घरांना प्लास्टिकचे कागद गुंडाळलेले, जणू गाव बांधून कुठे पाठवायचंय. वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आगेमागे पाऊस. पंचा पिशवीतून काढलाच नाही. पिशवीतच ओला झाला.

पाचगणी तिथून वीस किलोमीटर. पाऊस होता, पण छत्रीने भागेल असा. इथे वर्षाचा पाऊस महाबळेश्वरच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. मग पसरणीचा घाट उतरायला लागलो आणि चौथ्या-पाचव्या वळणावर ऊन! खाली धोम धरणाचं पाणी चमकत होतं. वाईत वर्षाला हजाराच्या आत. आणखी पूर्वेला त्याच सातारा जिल्ह्यात माण-खटावला पाचशेच्या आसपास, तिथे टँकर येतो. समुद्रावरून आलेले ढग सह्याद्री चढतात, चढता चढता गार होऊन रिकामे होतात, आणि उतरणीला त्यांच्याजवळ द्यायला काही उरत नाही. पुस्तकातली पर्जन्यछाया. ह्यांनी ती तीस वर्षं फळ्यावर काढली, डोळ्यांनी आज पहिल्यांदा बघितली. एसटीत शेजारच्या माणसाला समजावून सांगत होते. तो पसरणीचाच होता.

हे गणित साहेबाने आधीच मांडून ठेवलंय. जॉन चेसन नावाच्या इंग्रजाने १८६०च्या दशकात पाचगणी वसवली, कारण महाबळेश्वर उन्हाळ्यापुरतं, पावसात तिथे राहणं कठीण. निवृत्त गोऱ्यांना बारमाही राहता येईल असं ठिकाण हवं होतं. मुंबईच्या गव्हर्नरचा थाट तर ह्याहून भारी. हिवाळ्यात मुंबई, उन्हाळ्यात महाबळेश्वर, पावसाळ्यात पुणे. तीन घरं ठेवली की हवेचा प्रश्नच नाही. आमच्याजवळ एक वन बीएचके आणि हौसिंग सोसायटीचा थकलेला मेंटेनन्स.

वाईत गणपती आळीजवळ ओळखीच्यांकडे उतरलो. दीडला पंचा टाकला, सहाला घडी केली. अगदी कडक नाही, पण अंगाला लावावासा वाटेल असा. कोरडा २५, ओला २२. संध्याकाळी घाटावर बसलो. कृष्णा तपकिरी होऊन पायऱ्यांवर चढली होती, ढोल्या गणपतीपासून थोडी खाली. पेठेत भाजी, औषधं, बँक, सगळं चालत. विश्वकोशाची कचेरी बघून हे खूश.

माझ्याच नियमाने मी अडकले. वाईचा वाईट महिना ऑगस्ट नव्हेच. घरमालकीणबाईंनी स्वतःहून सांगितलं, "मे महिन्यात या आणि मग बोला. चाळिसाकडे जातो पारा, डोंगरांनी वेढलेलं गाव, दुपारी पान हलत नाही." मला त्या एकदम आवडल्या. चार महिन्यांत आपल्या गावाची वाईट बाजू सांगणारं पहिलंच माणूस भेटलं.

९ नोव्हेंबर, डोंबिवली

ऑक्टोबर हीटने ह्या वर्षी नोव्हेंबरही खाल्ला. पंचा: आठ तास.

काल रात्री आम्ही दोघांनी वही पुढ्यात घेतली. हे म्हणाले, "वाई." मी म्हणाले, "गुहागर." दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. मी मनातल्या मनात त्यांच्या वाटचं बोलत होते आणि ते माझ्या. मग त्यांनीच सांगितलं की पाखाडीवर मी पाय दाबून चालते ते त्यांना पडवीतून रोज दिसत होतं.

हे घर विकायचं नाही, निदान वर्षभर. फेब्रुवारीत मी सुटते. जून ते सप्टेंबर वाईत भाड्याने राहायचं, हिवाळ्यात गुहागरला दिरांकडे, झावळ्या उचललेल्या असतील तेव्हा. मार्च ते मेचं काय करायचं ते ठरलेलं नाही. नागपूर त्या महिन्यांत अजिबात नाही, हे मात्र भावाला कळवलं. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "मग कुरडया पाठवतो."

आज वाईच्या घरमालकीणबाईंना फोन केला. भाडं, अनामत, गॅसचं सगळं बोलून झालं. त्यांनी विचारलं, आणखी काही? मी विचारलं, गॅलरीत ऊन किती वाजता येतं आणि किती वाजता जातं? त्या म्हणाल्या, थांबा, आणि फोन तसाच ठेवून बघायला गेल्या.